चंदनाचा विहार आणि बुरूड राजाचा कोट

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जतला सपाटीवर येते, नेरळ-वांगणीच्या शिवारातून बदलापूर गाठते, अंबरनाथ-उल्हासनगरच्या अंगाने कल्याणला जाते आणि तिथून खाडी होऊन घोडबंदरमार्गे वसईला समुद्राला मिळते. आपण तिच्याकडे नळाच्या पाण्याची नदी म्हणून बघतो, अलीकडे जलपर्णीची आणि सांडपाण्याची नदी म्हणूनही. दोन हजार वर्षांपूर्वी हे खोरे व्यापाराची वाट होते आणि त्या वाटेच्या दोन्ही टोकांना बौद्ध स्थाने होती. वरच्या टोकाला कोंडाण्याची लेणी. खालच्या टोकाला, वसईच्या खाडीच्या थोडे उत्तरेला, शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे. या शूर्पारकात एकेकाळी अख्खा चंदनाचा विहार उभा होता आणि त्याच्या दर्शनासाठी जमलेल्या गर्दीपुढे स्वतः भगवान बुद्ध आकाशमार्गाने आले होते, असे बौद्ध ग्रंथ सांगतात.

तो विहार आज नाही. नालासोपारा स्टेशनपासून पश्चिमेला सोपारे गावाच्या वाटेवर विटांचा एक स्तूप आहे. पण त्या विहाराची गोष्ट ब्रह्मदेश आणि थायलंडपर्यंत गेली आणि तिथल्या लाखो लोकांच्या यात्रेचे कारण झाली. आपल्याकडे मात्र उल्हासच्या काठावर राहणाऱ्या, रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जाणाऱ्या अनेकांनाही ती ठाऊक नसते, याचे मला फार वाईट वाटते. कारण ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर जन्मलेल्या एका दासीपुत्राची आहे.

संस्कृत ‘दिव्यावदान’ या ग्रंथात ती ‘पूर्णावदान’ या नावाने येते. शूर्पारकात भव नावाचा एक श्रीमंत गृहपती होता. त्याला भविल, भवत्रात आणि भवनंदी असे तीन मुलगे. म्हातारपणी तो आजारी पडला, चिडचिडा झाला, तोंडाला येईल ते बोलू लागला. बायकोने आणि मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. घरातल्या एका दासीने मात्र विचार केला की याच माणसाचे अन्न आपण खाल्ले आहे. तिने वैद्यांना विचारून औषधे आणली, सेवा केली, त्याला उठवून बसवले. बरे झाल्यावर त्याने तिला बक्षीस विचारले. तिचे उत्तर असे होते की पाचशे कार्षापण नाणी दिली तरी मी दासीच राहणार. माझे दास्य सुटेल असे काही द्या. त्याने तिला आपली मानले आणि तिच्या पोटी पूर्ण जन्माला आला.

थोरले तिघे समुद्रावर व्यापाराला गेले. पूर्ण घरच्या दुकानावर बसला आणि त्याने त्यांच्यापेक्षा जास्त कमाई करून दाखवली. बाप गेल्यावर जावांमध्ये कुरबुरी सुरू झाल्या आणि घर फुटले. वाटणी अशी ठरली: एकाला घर आणि शेती, दुसऱ्याला दुकान आणि परदेशातला माल, तिसऱ्याच्या वाट्याला पूर्ण. दासीचा मुलगा, म्हणून तो वारस धरला गेला नाही, मालमत्तेत धरला गेला. थोरल्या भविलाने घरदार सोडले आणि आपल्या वाट्याला पूर्णाला मागून घेतले.

पोरे उपाशी होती. वहिनीने पदराला बांधलेले एक हलके नाणे सोडून पूर्णाच्या हातावर ठेवले आणि काहीतरी खायला आण म्हणून सांगितले. बाजाराच्या वाटेवर त्याला एक माणूस भेटला. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडे त्याने डोक्यावर घेतली होती आणि तो थंडीने कुडकुडत होता. पूर्णाने कारण विचारले. तो म्हणाला, कळत नाही, ही मोळी उचलल्यापासून अंगात थंडी भरली आहे. पूर्ण लाकडांचा जाणकार होता. मोळीत गोशीर्ष चंदन होते, चंदनात सर्वांत मोलाचे आणि सर्वांत शीतळ. त्याने ती मोळी पाचशे कार्षापणांना ठरवली, चंदन विकून पैसे फेडले आणि काही तुकडे राखून ठेवले. पुढे शूर्पारकच्या राजाला दाहज्वर झाला. वैद्यांनी गोशीर्ष चंदनाचा लेप सांगितला आणि शोध घेत राजाची माणसे पूर्णापर्यंत आली. राजा बरा झाला, त्याने सोने दिले आणि वर मागून घे म्हणाला. पूर्णाने मागितले ते एवढेच: आपल्या राज्यात मला अपमान न होता राहता यावे.

या मागणीवर मी नेहमी थांबतो. जमीन नाही, जकातमाफी नाही, राजकन्या तर नाहीच. वाटणीत ज्याची गणती सामानात झाली, त्या माणसाला दुसरे काय हवे असणार? ही कथा इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत लिहिली गेली. ती लिहिणाऱ्या भिक्खूला समाजात माणूस कुठे दुखावतो हे नेमके माहीत होते. चमत्कार या कथेत पुढे भरपूर येतात, पण तिचा पाया हा आहे.

तिला बाजारही चांगला माहीत आहे. पाचशे व्यापाऱ्यांचे जहाज शूर्पारकला लागले. नगरातल्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, ठराव केला होता की आलेला माल कुणी एकट्याने उचलायचा नाही. पूर्ण गेला, सौदा केला, विसार दिला आणि सगळ्या मालावर आपला शिक्का मारून आला. श्रेणीने त्याला साठ कार्षापण दंड ठोठावला आणि वसुलीसाठी उन्हात उभे केले. प्रकरण राजापुढे गेले. राजाने एकच प्रश्न विचारला: ठराव करताना याला किंवा याच्या भावाला बोलावले होते काय? नव्हते. मग ठराव याच्यावर बंधनकारक कसा? पूर्ण सुटला. काही दिवसांनी राजालाच त्या मालातली एक वस्तू लागली आणि श्रेणीला दुप्पट भाव देऊन ती पूर्णाकडूनच घ्यावी लागली. असा तपशील केवळ कल्पनेतून येत नाही. ज्यांनी बंदरावर सौदे होताना पाहिले, त्यांच्याच तोंडून तो ग्रंथात आला असला पाहिजे.

पूर्णाने सहा सागरी सफरी केल्या. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या जहाजावर होते. पहाटे आणि रात्री ते काहीतरी सुरात म्हणत. छान गाणी आहेत, असे पूर्ण म्हणाला. त्यांनी सांगितले की ही गाणी नाहीत, ही बुद्धवचने आहेत. ‘बुद्ध’ हा शब्द पूर्णाने तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. परत आल्यावर त्याने भविलाचा निरोप घेतला, श्रावस्तीला अनाथपिंडिक या श्रेष्ठीच्या घरी गेला आणि बुद्धांकडून प्रव्रज्या घेतली.

यानंतरचा प्रसंग पाली त्रिपिटकातही आहे, मज्झिम निकायातल्या ‘पुण्णोवाद सुत्ता’त. भिक्खू पूर्णांनी सुनापरांतात, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे, जाण्याची परवानगी मागितली. तिथली माणसे तापट आहेत, शिव्या देतील तर काय कराल, असे बुद्धांनी विचारले. पूर्णांचे उत्तर होते की भले लोक आहेत, हात तर उगारत नाहीत असे मी मानेन. हात उगारला तर? काठी मारली तर? शस्त्र चालवले तर? दर प्रश्नाला पूर्ण त्या माणसांच्या चांगुलपणाचा एकेक पदर शोधून काढतात. शेवटी जीवच घेतला तर? तर मी म्हणेन, देहाला कंटाळून मरण शोधणारेही असतात, मला ते न शोधता मिळाले. एवढा शांतपणा असेल तर जा, असे बुद्ध म्हणाले. कथेत पुढे एक शिकारी धनुष्य ताणून पूर्णांवर धावतो. ते चीवर बाजूला करून पोट उघडे करतात: या पोटासाठीच ना सगळे, मग इथेच मार. शिकारी धनुष्य खाली ठेवतो आणि त्यांचा पहिला उपासक होतो.

कोकणच्या माणसांची तापट म्हणून झालेली ही नोंद वाचताना मला आश्चर्य वाटते ते प्रश्न विचारणाऱ्याच्या काळजीचे. दूरदेशी निघालेल्या मुलाला बापाने विचारावे तसे हे प्रश्न आहेत.

इकडे भविल म्हातारपणी पुन्हा समुद्रावर गेला. जहाज चंदनवनाच्या बेटाला लागले आणि पाचशे कुऱ्हाडी चालू लागल्या. ते वन महेश्वर नावाच्या यक्षाचे होते. त्याने वादळ सोडले. जहाजावरचा प्रत्येक जण आपापल्या देवाचा धावा करू लागला. भविल मात्र सुन्न होऊन भावाचे बोल आठवत बसला. मग सगळ्यांनी एका सुरात पूर्णांना हाक मारली. पूर्ण आकाशात जहाजाच्या वर मांडी घालून बसलेले दिसले आणि वादळ शमले. हाच प्रसंग अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर रंगवलेला आहे. लाटांवर हेलकावणारे जहाज आणि त्यात हात जोडलेला माणूस तिथे आजही ओळखता येतो. पाचव्या शतकात, समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरातल्या चित्रकाराला सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट माहीत होती.

त्या सफरीतल्या चंदनातून शूर्पारकात प्रासाद उभा राहिला. त्याचे नाव चंदनमाल. पूर्णांनी शूर्पारकातून श्रावस्तीच्या दिशेने फुले उधळली, धूप जाळला, सोन्याच्या झारीतून पाणी सोडले. ती फुले श्रावस्तीच्या जेतवनावर, बुद्ध राहत होते त्या विहारावर, मांडव होऊन थांबली. बुद्धांचा शिष्य आनंद याने शलाका, म्हणजे नावनोंदणीच्या काड्या, वाटल्या, उद्याच्या जेवणाला शूर्पारकला कोण कोण येणार म्हणून. अठरा दरवाजांचे ते नगर झाडून, सडा घालून, तोरणे लावून सजले. वाटेत एका वस्तीतल्या पाचशे विधवांनी पूजेसाठी काहीतरी मागितले, तेव्हा बुद्धांनी आपले केस आणि नखे दिली. त्यावर त्यांनी स्तूप बांधला आणि जवळ बकुळीची फांदी रोवली गेली. बुद्ध चंदनमालात बसले तेव्हा गर्दी इतकी झाली की बाहेर राहिलेले लोक दर्शनासाठी भिंती फोडू लागले. भिंती पडल्या तर दान देणाऱ्यांच्या मनाला लागेल, असा विचार करून बुद्धांनी सारा प्रासाद स्फटिकाचा करून टाकला. सगळ्यांना बाहेरूनच दर्शन झाले.

मला या चमत्काराचे स्वरूप फार मोलाचे वाटते. दर्शनासाठी झुंबड उडाली की आपल्याकडे रांगा, दोऱ्या आणि वेगळे दरवाजे येतात. कथाकाराने भिंतच पारदर्शक केली.

पाली परंपरेत हीच कथा थोडी वेगळी होते आणि तिला पुढचा एक प्रवास जोडलेला आहे. अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरची पाली टीका, सांगते की सुनापरांतातून परत जाताना बुद्धांनी नर्मदेच्या काठी नागांसाठी आणि सच्चबद्ध पर्वतावर तिथल्या साधकासाठी आपली पाऊले उमटवून ठेवली. झाले, कथेच्या हाती दोन पाऊलखुणा आल्या आणि त्या कुठे आहेत हे शोधणारे देश पुढे निघाले. ब्रह्मदेशातल्या राजांनी इरावतीच्या पश्चिमेकडच्या प्रदेशाला सुनापरांत हेच नाव घेतले. तिथे मिनबूजवळ श्वेसेत्तो या ठिकाणी दोन पाऊलखुणा पूजल्या जातात आणि चंदनाचा विहारही त्याच भागात, लेगाइंग इथे होता, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. थायलंडमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, राजा सोंगथामच्या काळात, सराबुरीला पाऊलखूण सापडली. तिची आख्यायिका अशी की लंकेला पाऊलखुणेच्या दर्शनाला गेलेल्या सयामी भिक्खूंना तिथल्या भिक्खूंनीच विचारले, तुमच्या देशात एक पाऊल असताना इतक्या दूर कशाला आलात? राजाने शोधाची आज्ञा दिली. एका शिकाऱ्याने जखमी हरिणाचा माग काढला. हरीण झुडपात शिरले आणि बरे होऊन बाहेर आले. आत पावलाच्या आकाराचा खळगा होता, त्यात पाणी साचले होते. तिथे उभे राहिलेले मंदिर आज थायलंडच्या मोठ्या यात्रास्थानांपैकी एक आहे.

या दाव्यांवर इतिहासकारांनी तोंड वाकडे करावे असे मला वाटत नाही. शूर्पारक कोकणात हे भूगोलाने आणि शिलालेखांनी पक्के आहे. पण माणसे जिथे जातात तिथे त्यांची पवित्र भूमी बरोबर नेतात. हे समजायला उल्हासनगरच्या रहिवाशाला ब्रह्मदेशात जावे लागत नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले, 1949 मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि सिंधूच्या काठचा झुलेलाल उल्हासच्या खोऱ्यात पूजला जाऊ लागला. चाळीस दिवसांचे चालिहोचे व्रत तिथल्या कॅम्पांतून आजही पाळले जाते. नदी बदलली, देव तोच राहिला. इरावतीच्या काठी पूर्णांचे तसेच झाले.

आणि खुद्द सोपाऱ्यात? तिथे बौद्ध वस्ती ओसरली, खाडी गाळाने भरली, बंदर गेले. स्तूपावर माती आणि झाडी चढली. गावकरी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणू लागले. बांबूच्या टोपल्या-सुपे विणणारा बुरूड आणि त्याचा कोट! महाभारत-पुराणांतही शूर्पारक आहे, तिथे ते परशुरामाचे क्षेत्र आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने शूर्पारकात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्याचे आणि तिथल्या रामतीर्थाला दान दिल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरलेले आहे. म्हणजे एकाच बंदरात परशुरामाचे तीर्थ आणि बुद्धाचा विहार दोन्ही नांदत होते आणि एकाच गावाने दोघांच्या गोष्टी सांभाळल्या. पूर्ण मात्र गावाच्या स्मरणातून निसटले.

त्यांना परत आणणारा माणूस जुनागढचा होता. पंडित भगवानलाल इंद्रजी, जन्म 1839. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी भारतभर हिंडून शिलालेख उतरवले होते. सरकारी अधिकारी जेम्स कॅम्पबेल तेव्हा मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार करत होते आणि ठाणे जिल्ह्याच्या खंडासाठी सोपाऱ्याची माहिती हवी होती. पूर्णावदानाचा फ्रेंच अनुवाद यूजीन बर्नूफ यांनी 1844 मध्येच पॅरिसला छापला होता, त्यामुळे शूर्पारकचे नाव अभ्यासकांच्या कानावर होते. 1882 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीच्या सुमारास, बुरूड राजाच्या कोटात खणायला सुरुवात झाली.

टेकाडाच्या मधोमध विटांची बांधीव पोकळी लागली. तिच्यात झाकण घातलेली दगडाची गोल पेटी होती. झाकण उचलले तेव्हा आत बरोबर मध्यभागी तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती कडे करून आठ लहान कांस्यमूर्ती बसलेल्या होत्या: विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप, शाक्यमुनी हे सात बुद्ध आणि आठवा, अजून यायचा असलेला, मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा करंडक. पेटीत सोन्याची पातळ फुले विखुरलेली होती. सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे एक नाणेही मिळाले. आणि सगळ्यांत आतल्या, सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या.

सोन्याच्या डबीत खापऱ्या कोण ठेवील? ज्याला ते भांडे कुणाचे होते हे माहीत आहे, तोच. भगवानलालांनी अनुमान केले की या बुद्धांच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या म्हणून पूजल्या गेल्या. पात्राच्या आख्यायिका बौद्ध जगात जागोजागी आहेत. चिनी यात्रेकरू फाहियान याने सुमारे 400 साली पेशावरला बुद्धांचे पात्र पाहिल्याचे लिहिले आहे. सोपाऱ्याच्या खापऱ्या खरोखर त्या हातातल्या पात्राच्या होत्या काय, याचा निवाडा मातीच्या तुकड्यांवरून होत नाही. पण सोपाऱ्याच्या माणसांनी त्या तशा मानल्या आणि त्यांच्यावर पाच आवरणे चढवली, हे मात्र डोळ्यांना दिसते. जेतवनातून एका दुपारच्या जेवणासाठी आलेले बुद्ध आणि त्यांच्या पात्राच्या खापऱ्या जपणारे नगर: कथा आणि खापऱ्या इथे एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात.

या सापडलेल्या ठेव्यात आणखी एक गोष्ट आहे. नाणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या राजाचे. कांस्यमूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकातली. म्हणजे स्तूप बांधल्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी कुणीतरी तो श्रद्धेने उघडला, जुना ठेवा जागचा न हलवता त्याच्याभोवती आठ मूर्ती बसवल्या आणि पुन्हा बंद केला. सातवाहन गेले, राष्ट्रकूट आणि शिलाहार आले, तरी आत काय आहे याची आठवण टिकली होती. तिच्यानंतरच बुरूड राजा आला.

भगवानलालांना त्याच दिवसांत सोपाऱ्यात काळ्या दगडाचा एक तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती आणि तो सम्राट अशोकाच्या आठव्या गिरिलेखाचा भाग निघाला. हा तोच लेख, ज्यात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या सहलींना जात. मी राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. नवव्या गिरिलेखाचा तुकडा पुढे 1956 मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. त्या लेखाचा विषय निरर्थक विधी टाळावेत हा आहे. खरे मंगल कशात आहे याची यादी अशोक देतो तेव्हा सर्वांत आधी दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे येते. दासीपुत्र पूर्णांच्या गावात हाच लेख उभा होता. आणि तो उजेडात आला त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. यात काही संकेत शोधावा असे माझे म्हणणे नाही, पण या दोन गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे सोपाऱ्याला जाणाऱ्याला माहीत असावे.

आता नदीने वर येऊ. कल्याण हे शूर्पारकचे शेजारचे बंदर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वाटाड्याने दोन्हींची नावे घेतली आहेत. कल्याण ही कायदेशीर व्यापारपेठ होती, पण राजवट बदलल्यावर तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या रस्सीखेचीत आपले हे खोरे सापडले होते. तरीही इथल्या कारागिरांच्या हातात पैसा होता आणि तो कुठे गेला हे कान्हेरीच्या लेण्यांतले लेख सांगतात. कल्याणचा सोनार सामिदत्त याने कान्हेरीला पाण्याचे टाके दिले. कल्याणचाच लोहार नंद याने तिथली पायवाट करून दिली. सोपाऱ्याचा मणिकार, म्हणजे मणी घडवणारा, नागपालित हाही दान देणाऱ्यांत आहे. सोनार, लोहार, मणिकार: पूर्णावदानातल्या बाजारातलीच ही माणसे, फक्त ही खरीखुरी, नावागावासकट.

घाटावर जाणाऱ्या वाटेवरही त्यांची नावे आहेत. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाचे, म्हणजे सुत्ते मुखोद्गत म्हणणाऱ्या भिक्खूचे, दान कोरले आहे आणि त्या खांबात धातू, म्हणजे अवशेष, ठेवल्याचे तो लेख सांगतो. जहाजावर पहाटे बुद्धवचने म्हणणारे व्यापारी आठवतात ना? सोपाऱ्यात अशी वचने पाठ म्हणणारे लोक खरोखर होते, याचा हा दगडी दाखला.

आणि कोंडाणे. कर्जतहून कोंदिवडे गावापर्यंत गाडी जाते, पुढे जंगलातून चढण. पावसाळ्यात लेण्याच्या कपाळावरून धबधबा कोसळतो आणि त्याच्या पडद्याआड दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा चैत्य दिसतो. दर्शनी भागात लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केली आहे, तुळया, जाळ्या, सज्जे सगळे. चैत्यकमानीच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीचा फक्त डोक्याकडचा भाग उरला आहे. त्याच्या जवळ एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. राजाचे नाव नाही, दानशूर श्रेष्ठीचे नाही. गुरू आणि शिष्य, दोघा कारागिरांची नावे. पावसाळी सहलीला येणारी शेकडो पोरे त्या ओळीखालून धबधब्याकडे धावतात. एकाला तरी कुणी ती बोट दाखवून वाचून दाखवावी.

खोऱ्यातल्या बाकीच्या स्थानांचे नशीब बुरूड राजाच्या कोटासारखेच आहे. कल्याण-भिवंडीच्या मधल्या लोनाडचे बौद्ध लेणे आज खंडेश्वरी देवीचे ठाणे आहे. देवीने ते सांभाळले म्हणून ते टिकले, असेही म्हणता येईल. अंबरनाथच्या शिवमंदिराचा बौद्ध धर्माशी संबंध नाही, पण आख्यायिका कशी काम करते ते तिथेही दिसते. मंदिरात शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, शिलाहार राजा माम्वाणीचा शिलालेख आहे. तरी गावात विचारा, मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले असेच सांगतील. राजाचे नाव दगडात असूनही विसरले जाते आणि गोष्ट कुठेही कोरलेली नसताना टिकते. म्हणूनच पूर्णांची गोष्ट आपल्याकडे पुन्हा सांगितली गेली पाहिजे, असे मला तळमळीने वाटते. नुसती विटांची लांबी-रुंदी सांगून तो स्तूप कुणाच्या मनात उभा राहणार नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांनी दिवा-वसई गाडी धरावी. ती उल्हासच्या खाडीला समांतर धावते आणि जुन्या जलवाटेचा अंदाज देते. वसईहून एक स्टेशन पुढे नालासोपारा. स्तूप आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आत मूर्ती नाहीत, करंडक नाहीत. दगडी पेटी, आठ बुद्ध आणि सोन्याची फुले मुंबईत, टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. बुद्धपौर्णिमेला स्तूपावर उपासकांची गर्दी असते. लहान मुलांना बरोबर नेणार असाल तर विटांच्या त्या गोल चौथऱ्याशी बसून त्यांना कुडकुडणाऱ्या मोळीवाल्यापासून सुरुवात करून गोष्ट सांगा, मुले ऐकतात.